पाड्यावरच्या कचऱ्याची परतवाट

ठाण्याहून घोडबंदरच्या बाजूला निघालं की थांब्यांची नावं लागतात: मानपाडा, पातलीपाडा, कोकणीपाडा. डोंबिवलीतही एक मानपाडा आहे. त्या नावांखाली आता वीस-तीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत आणि त्यांच्या फाटकाशी घंटागाडी येते. पण याच जिल्ह्यात जे पाडे अजून खरोखर पाडेच आहेत, येऊरच्या डोंगरावरचे, मलंगगडाच्या पायथ्याचे, शहापूर-मुरबाडच्या आतल्या अंगाचे, त्यांच्या कचऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. विचारला तरी उत्तर ठरलेलं असतं, "तिथे कसला आलाय कचरा?" हे उत्तर आता खोटं ठरलं आहे, आणि ते ज्यांच्यामुळे खोटं ठरलं त्यांनीच त्याचा खर्च उचलायला हवा, असं माझं मत आहे.

पूर्वी हे उत्तर बरंचसं खरं होतं. वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, मल्हार कोळी यांच्या घरात फेकून देण्यासारखं काही उरतच नसे. कुडाची भिंत कारवीची, तिच्यावर शेणमातीचा लेप. घर मोडलं तर त्याची माती होई. जेवण पळसाच्या पानावर, पाणी भोपळ्याच्या तुंब्यात, धान्य बांबूच्या कणगीत. राखेने भांडी घासायची, शेण-पालापाचोळा उकिरड्यावर टाकायचा आणि पावसाआधी तो उकिरडा शेतात न्यायचा. उकिरडा म्हणजे घाण नव्हे, पुढच्या वर्षीच्या भाताची शिदोरी. कचरा नावाची वेगळी गोष्ट नव्हती, म्हणून ती टाकायची वेगळी जागाही नव्हती.

मग टपरी आली. एक-दोन रुपयांची शाम्पूची पुडी, पाच रुपयांचं वेफर्सचं पाकीट, तेलाची पिशवी, बिस्किटं. बंदी असूनही गुटख्याची पुडी. पैसा रोजच्या रोज हाती येतो तिथे मोठी बाटली परवडत नाही, पुडीच परवडते. म्हणून गरिबाच्या घरातलं वेष्टन श्रीमंताच्या घरातल्यापेक्षा तुकड्या-तुकड्यांचं असतं आणि गोळा करायला अवघड. शिवाय ही पुडी अनेक थरांची. भंगारवाला लोखंड घेतो, पुठ्ठा घेतो, पाण्याची बाटली आणि दुधाची पिशवीही घेतो, पण वेफर्सच्या पाकिटाला तो हात लावत नाही. त्याला त्याचा भावच येत नाही.

सरकारही यात मागे नाही. अंगणवाडीतून घरपोच आहाराची पाकिटं गेली. ८ मार्च २०१८ ला राज्यात अस्मिता योजना सुरू झाली आणि बचत गटांमार्फत गावोगाव सॅनिटरी नॅपकिन स्वस्तात मिळू लागले. योजना गरजेची होती, मुलींच्या शाळेसाठी फार गरजेची. पण वापरलेला नॅपकिन टाकायचा कुठे, हे पाड्यावरच्या मुलीला तितक्याच ठळकपणे कोणी सांगितलं नाही. ती तो ओढ्याच्या कडेला पुरते, नाहीतर चुलीत घालते. वस्तू पोचवण्याची साखळी शेवटच्या घरापर्यंत पक्की बांधली गेली. तीच वस्तू परत आणायची साखळी मात्र तालुक्याच्या गावीच तुटते. पाड्यावरच्या कचऱ्याचा सगळा प्रश्न मला या एका तुटीत दिसतो.

या तुटीची झळ कुठे बसते ते भातशेतीत पाहावं. ठाणे जिल्ह्यात रोपं टाकण्याआधी राब भाजतात: फांद्या, पाला, शेण, गवत यांचे थर पसरून ते जाळायचे आणि त्या राखेत बी पेरायचं. पूर्वी त्या थरांत झाडाचं आणि जनावराचं तेवढंच असे. आता अंगण झाडून भरलेल्या पाट्यांत पुड्या आणि पिशव्याही येतात. राबाबरोबर प्लास्टिक जळतं आणि भाजणारी बाई तो धूर छातीत घेते. उकिरड्यातून शेतात गेलेलं प्लास्टिक नांगराला लागतं. गुरं पिशवीसकट उष्टं खातात. शेकडो वर्षं नीट चालत आलेली, आजच्या शब्दांत पुनर्वापराचीच, एक रीत होती. तिच्यात एकच परका पदार्थ घुसला आणि तीच रीत आता अपाय करते आहे. "आदिवासींना स्वच्छतेची सवय नाही" असं म्हणणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. सवय त्यांची चांगलीच होती. वस्तू बदलली, आणि ती त्यांनी बनवलेली नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. घनकचऱ्याचे नियम २००० मध्ये आले, २०१६ मध्ये नव्याने आले. ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करायचे, कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायचं, हे २०१६ च्या नियमांत स्पष्ट होतं. पण या नियमांची नजर मुख्यतः शहरांवर आणि शहर होऊ घातलेल्या गावांवर राहिली. खेड्यांचं काम स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागाकडे गेलं. २०२० नंतरच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये ठरले, आणि प्लास्टिकसाठी प्रत्येक तालुक्याला एक केंद्र, त्याला १६ लाखांपर्यंत. हिशेब करून पाहा. तीनशे माणसांच्या पाड्याच्या वाट्याला १८ हजार रुपये येतात, तेही एकदाच. एवढ्यात खतखड्डे होतील आणि एखादी तीनचाकी सायकल येईल. ती सायकल चढावरच्या पायवाटेने वर ओढणार कोण, याचं उत्तर त्या आकड्यात नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) बंधित निधीचा अर्धा भाग स्वच्छतेसाठी होता, पण तो ग्रामपंचायतीला मिळत असे, आणि ग्रामपंचायतीचं मुख्य गाव व तिचे सात-आठ पाडे यांच्यात पैसा कोणाकडे झुकतो हे सांगायला नको.

आता शहराकडे वळू, कारण शहराचा कचरा सोडून पाड्याच्या कचऱ्याविषयी बोलणं अर्धवट राहील. कल्याणचं आधारवाडी डंपिंग ग्राउंड खाडीकाठी वर्षानुवर्षं वाढत राहिलं आणि वारंवार पेटत राहिलं. कचऱ्याची व्यवस्था नाही म्हणून एप्रिल २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना मनाई केली. साधारण वर्षभराने ती उठली. खरा बदल झाला तो २५ मे २०२० पासून, जेव्हा महापालिकेने 'शून्य कचरा' मोहीम सुरू करून वर्गीकरण सक्तीचं केलं. त्यामागे उपायुक्त रामदास कोकरे होते. त्याआधी वेंगुर्ल्याचे मुख्याधिकारी असताना त्यांनी तिथल्या डंपिंगच्या जागी चक्क उद्यान उभं केलं होतं. मे २०२१ मध्ये आधारवाडीला कचरा टाकणं बंद झालं आणि भार उंबर्डे, बारावे इथल्या प्रकल्पांवर गेला. ठाण्याची गोष्ट अजून चालूच आहे. दिवा इथलं डंपिंग २०२३ मध्ये बंद झालं, कचरा भंडार्लीला गेला, तिथे गावकरी उभे राहिले, मग डायघर, आणि पुढे भिवंडी तालुक्यातल्या आतकोलीची जागा.

या नावांची रांग नकाशावर लावली की दिशा कळते. कचरा शहरातून बाहेर, आणखी बाहेर, गावांकडे सरकतो आहे. नाशिक महामार्गाच्या कडेला आणि आतल्या रानात राडारोडा व पोती टाकून पसार होणाऱ्या गाड्या वेगळ्याच. शहापूर तालुका संपूर्ण आणि भिवंडी-मुरबाडचा काही भाग अनुसूचित, म्हणजे आदिवासी भाग म्हणून घटनेखाली जाहीर झालेल्या, क्षेत्रात येतो. त्याच शहापुरातून तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. पुढे भातसाचं जाऊ लागलं. धरणांच्या शेजारचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. शहर तिथून पाणी घेतं आणि आपला कचरा त्या बाजूला सरकवतं. पाड्यावर स्वच्छतेचे धडे द्यायला निघण्याआधी प्रत्येक ठाणेकराने आणि डोंबिवलीकराने हा व्यवहार मान्य करावा, एवढी माझी मागणी आहे.

येऊरवर थोडं थांबतो, कारण दोन्ही कचरे तिथे एकत्र येतात. येऊर ठाणे महापालिकेच्या हद्दीत आहे आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहे. पाटोणापाडा, जांभूळपाडा, रोणाचापाडा अशा पाड्यांत वारली आणि इतर आदिवासी कुटुंबं राहतात. त्यांच्या भोवती बंगले, हॉटेलं, खेळाची टर्फ झाली. शनिवार-रविवारी शहर वर चढतं, जेवतं, पितं आणि बाटल्या झाडीत टाकून उतरतं. स्वयंसेवकांनी वेळोवेळी तिथून काचेच्या बाटल्या गोण्या भरभरून काढल्या आहेत. फुटलेली काच अनवाणी पायात जाते. जंगलात लाकूडफाटा आणि रानभाजी गोळा करायला जाणाऱ्या बाईच्या पायात, आणि सांबराच्या खुरातही.

पण काचेहून मोठा धोका उष्ट्या अन्नाचा आहे. अन्न टाकलं की भटकी कुत्री जमतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. उद्यानाच्या सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगलात चाळीसहून अधिक बिबटे आहेत आणि त्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, हे तिथल्या अभ्यासांतून दिसलं आहे. बिबट्याला वाघोबा म्हणून पुजणारी माणसं त्याच्या सोबतीने राहत आली. ती त्याला घाबरून गाव सोडत नाहीत. मात्र हॉटेलच्या मागच्या ढिगामुळे तो रोज संध्याकाळी पाड्याच्या अंगणापर्यंत येऊ लागला, तर मुलं शौचाला बाहेर जातात तेव्हाचा धोका वाढतो. म्हणून येऊरमध्ये ओल्या कचऱ्याची गाडी रोज, न चुकता आणि अंधार पडायच्या आत जायला हवी. तिथे ती मुलांच्या जिवाची व्यवस्था आहे.

बाटल्यांवर उपाय नाही असं नाही. तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात न्यायालयाच्या सांगण्यावरून २०२२ पासून दारूच्या बाटलीवर १० रुपये जादा घेतात आणि रिकामी बाटली परत दिली की ते परत देतात. तोही डोंगरी जिल्हा, आदिवासींचा आणि हत्तींचा. आपल्याकडे २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत पाण्याच्या बाटलीवर आणि दुधाच्या पिशवीवर अशी अनामत घेण्याची तरतूद होतीच. ती व्यवहारात उतरली नाही. येऊरच्या फाटकावर, माळशेज घाटात, विहीगावच्या अशोका धबधब्यापाशी, बदलापूरजवळच्या कोंडेश्वरला वर जाताना बाटल्या मोजायच्या, अनामत घ्यायची, उतरताना मोजून परत करायची, आणि जी अनामत उरेल ती पाड्याच्या समितीकडे द्यायची. याला यंत्र लागत नाही. एक टेबल, एक वही आणि पगारावर ठेवलेली पाड्यावरची दोन माणसं लागतात.

इतरांनी काय केलं? शिकण्यासारखं जवळच आहे. छत्तीसगडमधल्या आदिवासीबहुल सरगुजा जिल्ह्याच्या अंबिकापूर शहराने २०१५ पासून कचऱ्याचं काम बचत गटांच्या महिलांकडे दिलं. त्या घरोघर जातात, केंद्रावर आणून तो बारीक प्रकारांत वेगळा करतात, विकतात, घरांकडून शुल्क घेतात. जुन्या डंपिंगच्या जागेवर बाग झाली. यंत्रं कमी आणि हात जास्त, हे त्यांचं सूत्र. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने १९९३ पासून कचरावेचकांना कामगार म्हणून उभं केलं आणि त्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. मुंबई-ठाण्यात स्त्री मुक्ती संघटनेने परिसर विकास कार्यक्रमातून वेचक बायांना असंच बांधलं. डोंबिवलीत ऊर्जा फाउंडेशनसारखी संस्था घराघरातून प्लास्टिक जमवते. या सगळ्यांच्या अनुभवात एक गोष्ट समान आहे: कचरा वेगळा करणाऱ्या हाताला मोबदला आणि मान मिळाला तिथेच काम टिकलं. श्रमदानाच्या फोटोंवर कुठेच टिकलं नाही.

दूरचं एक उदाहरण मात्र मला आपल्या पाड्यांच्या सगळ्यात जवळचं वाटतं, ते अलास्कातलं. तिथे मूलनिवासींची बहुतेक गावं रस्त्याने जोडलेलीच नाहीत. माल बोटीने किंवा लहान विमानाने येतो. त्यांनी विचार केला, की माल उतरवून वाहन रिकामंच परत जातं, मग जुन्या बॅटऱ्या, विजेची उपकरणं, घातक कचरा त्याच वाहनातून परत का पाठवू नये? गावोगावी लोकांना बांधणी-साठवणीचं शिक्षण देऊन त्यांनी ही परतीची फेरी बसवली.

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांना बर्फ नाही, पण अडचण तीच आहे, आणि उत्तरही तेच असू शकतं. टपरीवर पुड्या आणणारा टेम्पो परत जाताना रिकामा असतो. आश्रमशाळेला धान्य आणणारी गाडी रिकामी जाते, रेशनची जाते, अंगणवाडीच्या आहाराची जाते. पाड्यावर रोज घंटागाडी पाठवणं हा शहरी हट्ट आहे. सुका कचरा कुजत नाही, वास मारत नाही, गोणीत महिनाभर कोरडा राहू शकतो. पंधरा दिवसांतून एकदा, ठरलेल्या वारी, परतीच्या गाडीतून गोण्या तालुक्याच्या केंद्रावर जाव्यात. पावसाळ्यात वाट बंद असेल तर त्या समाजमंदिराच्या किंवा शाळेच्या पडवीत थांबतील.

ओलं तर बाहेर जायलाच नको. उकिरडा आहेच, त्यातून प्लास्टिक तेवढं दूर ठेवायचं. जोडीला नॅडेपचा हौद बांधता येतो. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी शोधलेली ही पद्धत आपल्या मातीतली आहे: जाळीदार विटांचा, साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच हौद. त्यात पाला, शेण आणि माती यांचे थर. तीन-चार महिन्यांत खत. विटा लावायचं काम पाड्यावरच्या कितीतरी हातांना येतं, कारण कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवरच जातात.

हे स्थलांतर कार्यक्रमाच्या आखणीत धरलंच पाहिजे. अर्धं वर्ष कातकरीवाडीत म्हातारी माणसंच असतात. त्या काळात वाडीवर गोण्या कमी भरतील आणि भट्टीवरच्या झोपड्यांत जास्त. तेव्हा भट्टीमालकाकडून गोळा करण्याची सोय लेखी घ्यावी लागेल. जूनमध्ये माणसं परततील, तेव्हा पुन्हा वाडीवर. एकच वेळापत्रक बारा महिने चालवणारा आराखडा इथे पहिल्याच दिवाळीला कोलमडेल.

सॅनिटरी नॅपकिन आणि बाळांचे डायपर यांचा उपाय अवघड आहे, आणि तो बायांनीच बायांशी बोलून ठरवला पाहिजे. आश्रमशाळांत, जिथे शेकडो मुली एकत्र राहतात, तिथे चांगल्या प्रतीचं, नीट तापणारं जाळणयंत्र असायला हवं. वाडीवर सुती, धुऊन वापरायचे नॅपकिन हा जास्त शहाणा मार्ग आहे, पण त्यासाठी धुवायला पाणी आणि वाळत घालायला ऊन लागणारा आडोसा हवा. म्हणजे प्रश्न पुन्हा पाण्यावर येतो.

पैसा कुठून? अनेक थरांच्या पुडीला भाव नाही, तेव्हा विक्रीवर हा कार्यक्रम चालणार नाही, आणि चालेल असं पाड्यावरच्या बचत गटाला सांगणं ही फसवणूक होईल. पुडी बनवणाऱ्या कंपनीवर ती परत गोळा करण्याची जबाबदारी केंद्राच्या नियमांनी टाकली आहे. २०२२ मध्ये त्याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं आली. पण कंपन्या शहरातलं, सोपं प्लास्टिक गोळा करून आकडा पुरा करू शकतात. अनुसूचित क्षेत्रात गोळा केलेल्या किलोला जास्त मोल द्यावं, तसा नियम राज्याने मागावा. दुसरा स्रोत पेसाचा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचे पाच टक्के थेट पेसा ग्रामपंचायतींना अबंध निधी म्हणून मिळतात, आणि आरोग्य व स्वच्छता त्याच्या ठरवलेल्या कामांत बसते. राज्याच्या २०१४ च्या पेसा नियमांनुसार पाड्याला ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होण्याची वाटही आहे, म्हणजे स्वतःची ग्रामसभा आणि निधीवर स्वतःचा शब्द. शहरात अडकलेल्या येऊरला ही सोय नाही. तिथे महापालिकेला पाड्यांची वेगळी समिती नेमून तिला खर्चाचा अधिकार द्यावा लागेल.

एक भीती मनात आहे, ती उघडच मांडतो. असे कार्यक्रम आदिवासी बाईला पर्यटकांचा कचरा उचलणारी करून संपतात. तसं झालं तर कार्यक्रम न झालेला बरा. तिला किमान वेतन, हातमोजे, बूट, ओळखपत्र आणि दर निश्चित करण्यात मत मिळालं पाहिजे. आणि तिच्या पाड्याच्या शेजारी शहराचं नवं डंपिंग येणार असेल तर ग्रामसभेचा नकार हा शेवटचा शब्द मानला गेला पाहिजे.

पावसाच्या सुरुवातीला कल्याण आणि ठाणे स्टेशनबाहेर कसारा-आसनगावकडून लोकलने आलेल्या बाया बसतात. शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी. जुड्या रानवेलीने बांधलेल्या, खाली पळसाची पानं. त्यांच्याकडे प्लास्टिकची पिशवी मागतो तो आपण. यंदा कापडी पिशवी घेऊन जा. आणि शहापूर, मुरबाड किंवा भिवंडीच्या कुठल्या पाड्याशी तुमचं शाळेचं, संस्थेचं किंवा घरचं नातं असेल, तर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी तिथल्या बचत गटाला परतीच्या गाडीचा ठराव लिहायला मदत करा.